एका दारात एकच गाडी

नवी पिकअप फाटकाबाहेर उभी होती आणि सायरबाई तिला आत येऊ देत नव्हत्या.

मागच्या चातुर्मासात त्यांनी जळगावला साध्वीजींसमोर पच्चक्खाण घेतलं होतं, की या घराच्या दारात वाहन एकच राहील. त्यानंतर वर्षभर कुणाला त्या व्रताचा त्रास झाला नाही, कारण दारात होतीच एक. एकसष्ट साली घेतलेली पेट्रोलची पिकअप, तेरा वर्षं केळी वाहून वाहून रंग उडालेली. पण आज धुळ्याच्या एजन्सीचा पंडित पाटील त्याच कंपनीचं सुधारलेलं मॉडेल दाखवायला चोपड्यात घेऊन आला आणि बाईंनी आतून फाटकाची कडी लावली.

"बाई, ती अजून आपली झालेली नाही," त्यांचा धाकटा मुलगा सोहनलाल म्हणाला.

"मग आत कशाला येते?"

 तेव्हा गाडी बाहेर राहिली आणि घरच रस्त्यावर आलं. म्हाताऱ्या लखीचंदशेठसाठी निंबाखाली खुर्ची टाकली गेली. सुना फाटकाच्या आतून, पदर पुढे ओढून बघू लागल्या. गल्लीतली चार रिकामी माणसं आपापली कामं आठवेनाशी होऊन तिथंच थांबली.

दलिचंद कुंपणाला पाठ लावून उभा होता. तो थोरला. दोन वर्षांपूर्वी बापूजींनी, म्हणजे लखीचंदशेठनी, पेढीच्या किल्ल्या त्याच्याकडे दिल्या, तेव्हापासून घरात कुठल्याही गोष्टीवर सगळे बोलायचे आणि शेवटी सगळे त्याच्या तोंडाकडे बघायचे. आजही तसंच होणार होतं, आणि आज त्याच्या घशाखाली सकाळचा चहादेखील नीट उतरला नव्हता.

पंडित पाटलानं बॉनेट उघडलं. "शेठजी, पुढचा जबडा नवा, हौदा वीतभर जास्त रुंद, चार गिअर. जुन्यात वायपर हातानं फिरवायला लागायचा, यात बटण आहे. काच आता खालीवर होते. आणि मुख्य गोष्ट ही." त्यानं इंजिनावर थाप मारली. "डिझेल. पेट्रोलचंही मॉडेल आहे, नाही असं नाही. ते एकतीस हजार, हे एकोणचाळीस."

"घोडे किती?" लखीचंदशेठनी विचारलं. त्यांनी तरुणपणी कापसाचा व्यापार घोड्यावरून केला होता, आणि यंत्राची ताकद घोड्यात मोजतात हे कळल्यापासून मोटारींबद्दलचा त्यांचा राग बराच निवळला होता.

"पेट्रोलात पंचाहत्तर, डिझेलात साठच्या आसपास."

"म्हणजे आठ हजार जास्त द्यायचे आणि पंधरा घोडे कमी घ्यायचे?"

"बापूजी, घोडे कमी पण ओढ जास्त," सोहनलाल पुढे सरसावला. त्यानं कंपनीचं माहितीपत्रक इतक्या वेळा वाचलं होतं की त्याच्या घड्या फाटल्या होत्या. "पेट्रोल आता लिटरला तीन रुपयांच्या वर गेलंय. जुनी गाडी लिटरला सात किलोमीटर देते, तीही तिची मर्जी असली तर. ही बारा देईल, आणि डिझेल निम्म्याहून स्वस्त. वरचे आठ हजार दोन वर्षांत निघतात."

"घोडं एक वाईट," म्हातारा स्वतःशीच म्हणाला. "उभं असलं तरी चंदी खातं. ही उभी असली की काही खात नाही. हे एक बरं आहे हिचं."

फाटकाआडून दलिचंदच्या बायकोचा, राजकुंवरचा आवाज आला. सासऱ्यासमोर ती कधी थेट बोलत नसे. जे बोलायचं ते मुलीला सांगितल्यासारखं करून सगळ्यांना ऐकवत असे, आणि या मार्गानं तिनं आजवर बरेच व्यवहार फिरवले होते. "चंचल, तुझ्या काकांना विचार, पायरी किती उंच केलीय ती बघितली का? तुझ्या आजीचे गुडघे वर चढतील का? आणि म्हणावं, इतका आवाज करते, घरात बोललेलं ऐकू येईल का?"

सतरा वर्षांची चंचल हसत म्हणाली, "काका, ऐकलंत ना?"

"भाभींना सांग, पायरी लोहाराकडून लावून घेऊ," सोहनलालनं उत्तर दिलं.

दलिचंदला ठाऊक होतं, राजकुंवरला पायरीचं काही नव्हतं. काल तिनं त्याला स्पष्ट सांगितलं होतं, "पेट्रोलची घ्या. चार पैसे जास्त जातील, जाऊ द्या. डिझेलची आली तर त्या माणसाचं काय होणार ते तुम्हाला माहीत आहे."

तो माणूस जुन्या गाडीला टेकून आत अंगणात उभा होता. वेस्ता. वैजापूरच्या वरच्या पाड्यावरचा, वय पन्नाशीचं, केस अजून काळे. जुनी गाडी आली त्याच वर्षी तो तिच्यावर ड्रायव्हर म्हणून लागला, आणि लागून दोन महिने झाले नाहीत तोच चार वर्षांच्या चंचलला घटसर्प झाला. पोरीचा श्वास अडत होता, रस्ता चिखलात बुडाला होता. वेस्तानं चाकांखाली केळीची खोडं घालत घालत गाडी जळगावला नेली. जिथं गाडी थांबली असती तिथं पोर गेली असती, असं डॉक्टर म्हणाले होते. गाडी थांबली नाही. राजकुंवर पोरीला घेऊन पुढे वेस्ताशेजारी बसली होती, आणि दलिचंद चिखलात उतरून ढकलत होता. त्या गोष्टीला तेरा वर्षं झाली. या तेरा वर्षांत दलिचंदनं वेस्ताचा पगार वाढवला, त्याच्या झोपडीवर पत्रे टाकून दिले, पण त्या दिवसाबद्दल एक शब्द त्याच्याशी बोलला नाही. व्यापाऱ्याच्या घरात देणं तोंडानं फेडायची रीत नसते. आधी वाटलं, योग्य वेळी बोलू. मग इतका उशीर झाला की बोलायचीच लाज वाटू लागली.

आणि आता सोहनलालनं खिशातून दुसराच पत्ता काढला.

"भाईजी, डिझेलचं काम वेगळं असतं. पाटलांचा मावसभाऊ आहे, पुना म्हणून. सव्वीस वर्षांचा. धुळ्यात चार वर्षं डिझेल ट्रकवर होता. मी त्याला शब्द दिलाय. वेस्ताला आपण... म्हणजे त्याला मळ्यात काम आहेच."

 आत अंगणात वेस्ता जुन्या गाडीच्या दाराचं हँडल पुसत होता, तो पुसतच राहिला.

"शब्द दिलास?" सायरबाई म्हणाल्या. "कुणाला विचारून?" आतापर्यंत त्या धाकट्याच्या बाजूनं होत्या. सोहन धुळ्याला निघून जाईल या धाकानं त्या महिनाभर डिझेलचं गुणगान करत होत्या, डिझेल कशाशी खातात हे माहीत नसताना. पण वेस्ताला मळ्यात हाकलायचं म्हटल्यावर त्यांनी एका क्षणात पक्ष बदलला. "मग जुनीच राहू दे."

"जुनी राहू दे म्हणजे पेट्रोलच जाळत बसा," सोहनलालचा आवाज चढला. "मी शेवटचं सांगतो. पुन्हा पेट्रोल घेणार असाल तर मला मोकळं करा. मी धुळ्यात माझं दुकान टाकतो. इथं मी काय नुसता हिशेब बघायला आहे का?"

हेच ते, दलिचंदला सकाळपासून गिळता न येणारं. डिझेल म्हटलं तर वेस्ता गेला. पेट्रोल म्हटलं तर भाऊ गेला. दोन गाड्या ठेवून दोघांना सांभाळावं, तर आईचं व्रत फाटकाला कडी घालून उभं. तो कुणाकडे न बघता म्हणाला, "वेस्ता, इकडे ये. तू बघितलीस का गाडी?"

वेस्ता फाटकातून बाहेर आला. गाडीभोवती एक फेरी मारली, खाली वाकून स्प्रिंगचे पाटे बघितले, हौद्याच्या फळ्यांवरून हात फिरवला. "माले काय ईचारतस भाऊ."

"विचारतोय म्हणून सांग."

"खरं सांगू का? डिझेलनीच ल्या." तो सोहनलालकडे बघून बोलत होता, रागानं नाही, बाजारभाव सांगावा तसा. "पेट्रोल आते परवडाव नही. जुनीनं इंजिन मी तीन खेप खोली दखं, तिन्हामा आते दम नही शे. पन हाई नवीना पाटा कडक शेत. केळीना घड काया पडतीन. खाले पाला जास्त टाकना पडी. आनि एकोनचाळीसमा टायर किती देतस, ते ईचारा. माले चारच दिखतस."

पंडित पाटील खोकला. पाचवं टायर खरोखरच वेगळं मोजायचं होतं, ते तो सौदा झाल्यावर सांगणार होता.

 वेस्ताला पुनाचं नाव आताच कळलं होतं. स्वतःचा भात सांडतोय हे दिसत असून त्यानं दुसऱ्याच्या ताटातला खडा काढून दिला होता. सोहनलालनंही मान खाली घातली.

"चालवून बघू," दलिचंद म्हणाला. "लासूर रस्त्यावर आपल्या मळ्यापर्यंत. दिवस मावळायच्या आत परत यायचं, आपण आल्याशिवाय बाई जेवत नाहीत, आणि मावळल्यावर तर मुळीच नाहीत. वेस्ता, तू चालव."

"पुना उद्या येईल, तोच..." सोहनलालनं सुरुवात केली.

"वेस्ता चालवेल."

पुढे तिघं बसले, वेस्ता, दलिचंद आणि पंडित. सोहनलाल माहितीपत्रक घेऊन मागे हौद्यात उभा राहिला. गाडी निघाली तेव्हा तिच्या धडधडीनं गल्लीतल्या भांड्यांना कंप सुटला. वेस्ता पहिल्या फर्लांगात दोनदा अडखळला, क्लच कडक होता. मग त्याचा पाय बसला. मळ्याच्या वाटेवर चढ होता, जिथं जुनी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रडायची. ही तिसऱ्यात गेली, आणि मागून सोहनलालनं आनंदानं टपावर थाप मारली.

मळ्यात हिलाल मुकादमाची टोळी घड कापत होती. वजनाची परीक्षा म्हणून पंचवीस-तीस घड हौद्यात चढवले, खाली वेस्तानं सांगितला तेवढा पाला टाकला. परत फिरताना बांधाच्या चढावर इंजिनानं दोन आचके दिले, आणि गाडी बंद पडली.

पंडित पाटलानं चावी फिरवली. पुन्हा फिरवली. इंजिन नुसतं घरघरलं. मग त्यानं टाकीचं झाकण उघडून आत काडी घातली आणि ओशाळून म्हणाला, "काटा पाव दाखवतोय. अमळनेरला दोन ठिकाणी दाखवून आलो ना. माझं लक्ष गेलं नाही. टाकी कोरडी आहे."

"विहिरीवर डिझेलचं पिंप आहे," दलिचंद म्हणाला. हिलालनं माणूस पाठवून डबा आणला, टाकीत ओतला. चावी फिरवली. घरघर, आणि काही नाही.

"हवा धरली," पंडित म्हणाला. "पेट्रोलला हे होत नाही. डिझेल संपलं की नळीत हवा शिरते, ती काढल्याशिवाय चालू होत नाही. मी विक्रीचा माणूस, शेठजी. मेकॅनिकला धुळ्याहून बोलवावं लागेल. किंवा पुनाला."

सोहनलालनं माहितीपत्रक पुढून मागे आणि मागून पुढे वाचलं. त्यात काचा खालीवर कशा होतात हे होतं. हवा कशी काढायची ते नव्हतं.

वेस्ता उतरला. त्यानं सीटखालचा पाना काढला, बॉनेट उघडलं आणि डोकं आत घातलं. फिल्टरवरचा एक स्क्रू दोन आटे सैल केला आणि खालचा छोटा दांडा अंगठ्यानं दाबू लागला. स्क्रूपाशी फेस आला. तो दाबत राहिला. फेस विरळ झाला, मग बुडबुडे, मग स्वच्छ धार. त्यानं स्क्रू आवळला, पुढच्या नळ्यांचे नट एकेक करून तसेच सोडले आणि आवळले, हात विजारीला पुसले आणि म्हणाला, "मारा चावी."

गाडी चालू झाली.

पंडितनं विचारलं, "तुम्ही कुठं शिकलात हे?"

"हाई आपलं विहीरवरलं इंजिनना भाऊच शे," वेस्ता म्हणाला. "तठेबी पिंप सरनं का हवा धरस."

हिलालला सगळ्यांच्या चेहऱ्याचं नवल वाटलं. "विहीरनं इंजिन बंद पडनं का आम्ही वेस्ताभाऊलेच बलावतस. नऊ साल व्हयनात. तुम्हले माहीत नही, भाऊ?"

दलिचंदला माहीत नव्हतं. विहिरीला पाणी चालू असतं, केळीला पाणी मिळतं, घड भरतात, वॅगन जातात, एवढंच त्याला माहीत होतं. नऊ वर्षं डिझेल इंजिन त्याच्याच मळ्यात धडधडत होतं आणि त्याचा डॉक्टर त्याच्याच दारात उभा होता. घरातली सहा शहाणी माणसं महिनाभर डिझेलवर वाद घालत होती, आणि त्यातल्या एकानं तर डिझेल जाणणाऱ्या माणसासाठी धुळ्यापर्यंत शब्द देऊन ठेवला.

सोहनलाल हौद्यातून खाली उतरला. तो उतावळा होता, पण वाईट नव्हता. त्यानं माहितीपत्रकाची घडी केली आणि खिशात घातली. "पाटील, तुमच्या मावसभावाला सांगा, माझा शब्द चुकला. येण्याजाण्याचा खर्च मी देतो." मग वेस्ताकडे वळून, "मला शिकवशील हे? हवा काढायचं?"

"शिकाडसू ना," वेस्ता म्हणाला. "पन पहिले ती कापडं बदला."

सोहनलालच्या पांढऱ्या शर्टाकडे बघून हिलालची टोळी हसली, सोहनलालही हसला.

"डिझेलचीच," दलिचंद पंडितला म्हणाला. "पाचवं टायर त्याच किमतीत. आणि नवी येईल त्या सकाळी जुनी दारातून निघेल, आधी ती, मग ही. नाहीतर आमच्या बाई तुम्हाला परत धुळ्याला लावतील."

पंडित आणि सोहनलाल टायरवर घासाघीस करत बांधावरून पुढे गेले. वेस्ता बॉनेट बंद करत होता. दलिचंद त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला. आता नाही बोललं तर पुन्हा तेरा वर्षं जातील, हे त्याला दिसत होतं. त्यानं शब्द शोधले. पेढीवर 'आपला आभारी' असं तो रोज वीस पत्रांखाली लिहायचा, पण ते या माणसासमोर म्हटलं असतं तर पोस्टाचा शिक्का मारल्यासारखं वाटलं असतं.

"वेस्ता," तो म्हणाला. "चंचलला जळगावला नेलंस. पोर आज उभी आहे ती तुझ्यामुळे. इतकी वर्षं झाली, मी तुला कधी बोललो नाही रे."

वेस्तानं चकित होऊन त्याच्याकडे बघितलं. "बोलले नहीत कसं? दरसाल तं बोलतस."

"मी?"

"तुम्हीच ना भाऊ. तुम्हना पजुसन सरनं का दुसरा दिन तुम्ही मनाकडे येतस. हात जोडतस. आनि सांगतस, मिच्छामि दुक्कडम. पोरगी जळगावथीन घर वनी, त्याच महिनामा पहिली खेप बोलनात. माले काही समजनं नही. घर जाईसन बुधीले ईचारं, शेठ इतला मोठा मानूस, मना मोरे हात जोडस, हाई काय व्हई? ती बोलनी, त्यास्नी पोरगी वाचनी ना, त्यानंच सांगतस." त्यानं बॉनेटची कडी बसवली. "औंदाबी बोलनात. मांगला हप्तामाच."

 वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल त्याची क्षमा असावी, या अर्थाचे ते शब्द दलिचंद दर भाद्रपदात, पर्युषण संपलं की, घरच्यांना, गिऱ्हाइकांना, हमालांना, वेस्ताला, एका ओळीत म्हणत आला होता. पाठ होतं म्हणून. चौदा वेळा म्हटलं, आणि चौदा वेळा या माणसानं ते उपकाराची आठवण म्हणून घेतलं, घरी नेलं, बायकोला सांगितलं. ज्याचं ओझं दलिचंद वागवत होता ते देणं वेस्ताच्या लेखी दरसाल पोचत होतं.

सांगावं का याला, त्याचा अर्थ तो नाही? शब्द ओठापर्यंत आला आणि त्यानं तो गिळला. आज सकाळपासून जे काही गिळता येत नव्हतं, त्यात हे एकच सहज उतरलं. त्याचे डोळे भरले, आणि ते लपवायची त्याला गरज वाटली नाही.

पजुसण होऊन आठ दिवस झाले होते. तरी त्यानं केळीच्या बांधावर, डिझेलचा वास येणाऱ्या त्या गाडीसमोर हात जोडले.

"मिच्छामि दुक्कडम, वेस्ता," तो म्हणाला. पुनाचं नाव निघालं तेव्हा आपण गप्प राहिलो, त्याची क्षमाही त्यात होती. पण जन्मात पहिल्यांदा तो शब्द त्यानं वेस्ताच्या अर्थानं म्हटला.

"हां भाऊ," वेस्ता म्हणाला आणि त्याच्यासाठी गाडीचं दार उघडून धरलं. "बसा आते. दिन बुडाना पहिले घर पोचनं जोयजे, नही तं बाईनं जेवन ऱ्हाई जाई."